मुलांच्या मेंदूतलं श्वेतद्रव्य : चित्र शहरात, काम गावात



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ भरते. संयोजकांनी विषय माझ्यावर सोडला, तेव्हा मी मुलांचाच विषय घेतला. मुलांच्या मेंदूची चित्रं वाचणं हे माझं काम. एमआरआय झाला की अहवाल टाइप होण्याआधीच आपल्याकडचे आई-वडील विचारतात, "डॉक्टरसाहेब, मेंदू बराबर हाये ना?" आणि पाठोपाठ, "पुढं शिकन ना पोरगं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा चित्रात असतं. दुसऱ्याचं एका चित्रात सापडत नाही. पण जगभरातल्या हजारो मुलांच्या चित्रांतून गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे समजलं, त्यात त्या उत्तराचा बराच भाग आहे. ते समजून घ्यायला कोट्यवधी रुपयांची यंत्रं लागली. अमलात आणायला मात्र यंत्र लागत नाही. आज मला एवढंच मांडायचं आहे, पण नीट मांडायचं आहे.

श्वेतद्रव्य म्हणजे काय

मेंदू मधोमध कापला तर दोन रंग दिसतात. कडेला दोन-चार मिलिमीटर जाडीचा करडा थर आणि आत भरपूर पांढरा भाग. करड्या थरात मज्जापेशी असतात. पांढरा भाग म्हणजे त्या पेशींपासून निघालेले लांबच लांब तंतू. त्यालाच आपण श्वेतद्रव्य म्हणू. रंग पांढरा, कारण तंतूंभोवती मायलिन नावाचं आवरण असतं आणि त्यातला निम्म्याहून कितीतरी अधिक भाग चरबीचा असतो. मायलिन हे नाव रुडॉल्फ फिरचो या जर्मन वैद्याने 1854 मध्ये दिलं. हे आवरण घालणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, ऑलिगोडेंड्रोसाइट. एकेक पेशी कित्येक तंतूंवर, थरावर थर गुंडाळत, हे आवरण चढवते.

आवरणाचा उपयोग वेगासाठी. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला एक-दोन मीटर जातो. आवरण असलेल्या जाड तंतूतून तोच शंभर मीटरच्या आसपास पोचू शकतो. वेगाइतकंच महत्त्व वेळ साधण्याला आहे. 'क' हे अक्षर डोळ्याला दिसलं आणि त्याचा आवाज कानाच्या भागात जागा झाला, हे दोन्ही एकाच क्षणी एकत्र आले तर वाचन होतं. मागेपुढे झाले तर मूल अडखळतं. विशीतल्या माणसाच्या मेंदूतले आवरणवाले तंतू एकापुढे एक जोडले, तर लांबी सुमारे दीड ते पावणेदोन लाख किलोमीटर भरते, असा डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

आजच्या विषयाचा कणा पुढच्या वाक्यात आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मज्जापेशी बहुतांशी तयार असतात, पण आवरण अगदी थोड्या तंतूंवर चढलेलं असतं. ते काम जन्मानंतर होतं. नवजात बाळाचा मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, वर्षाच्या मुलाचा नऊशे ग्रॅमच्या आसपास. ही वाढ घरात, पाळण्यात, आईच्या दुधावर होते.

आवरण चढण्याचा क्रम पहिल्यांदा नीट मांडला तो लाइपझिगच्या पाउल फ्लेक्सिगने, 1870 च्या दशकापासून पुढे. कोणत्या भागात मायलिन आधी येतं, कोणत्या भागात शेवटी, याचा नकाशाच त्याने बनवला. श्वास, गिळणं, हालचाल यांच्या वाटा आधी. विचार, भाषा आणि संयम यांच्या वाटा सगळ्यात शेवटी. पण फ्लेक्सिगसमोर जी बालकं होती ती सगळी मृत होती. प्रत्येकाचा मेंदू एकदाच पाहता येई. एकच मूल तीन महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी पाहायचं, तर त्यासाठी आणखी शंभर वर्षं थांबावं लागलं.

चित्र कसं निघतं

पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या मदतीने पहिलं चित्र प्रसिद्ध केलं 1973 मध्ये. त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी 2003 मध्ये नोबेल मिळालं. रुग्णालयातला नेहमीचा एमआरआय दीड टेस्लाचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. यात क्ष-किरण नसतात. त्यामुळे निरोगी मुलाचंही चित्र पुन्हा पुन्हा काढता येतं. आपला सगळा विषय याच एका सोयीवर उभा आहे.

नवजात बाळाचं चित्र पाहिलं तर नवख्याला ते उलटं वाटतं. मोठ्या माणसाच्या एका प्रकारच्या चित्रात, ज्याला आम्ही टी-वन म्हणतो, श्वेतद्रव्य उजळ दिसतं. बाळाच्या चित्रात तेच काळसर असतं, कारण चरबी कमी आणि पाणी जास्त. पूर्ण दिवसांच्या बाळात मेंदूच्या खोडाचा मागचा भाग आणि इंटर्नल कॅप्सूल या अरुंद पट्टीचा मागचा भाग, एवढंच उजळलेलं असतं. हातापायांना हुकूम नेणारे तंतू त्या पट्टीतून जातात. मग उजळणं मागून पुढे आणि आतून बाहेर सरकतं. तीन-चार महिन्यांत दृष्टीच्या वाटा, सहा-आठ महिन्यांत दोन मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझमचं पुढचं टोक. वर्षाच्या सुमारास टी-वन चित्र मोठ्यांसारखं होतं. दुसऱ्या, टी-टू प्रकारच्या चित्राला आणखी वर्षभर लागतं. त्याच काळात घरी काय घडत असतं? बाळ आईकडे टक लावून पाहतं, मान धरतं, बसतं, रांगतं, उभं राहतं. चित्रातलं उजळणं आणि अंगणातली प्रगती, दोन्ही साधारण एकाच वेळापत्रकाने चालतात.

दोन वर्षांनंतर मात्र हे साधं चित्र फारसं बोलत नाही. डोळ्याला सगळं मोठ्यांसारखंच दिसतं. पुढचं पाहण्यासाठी दुसरी युक्ती लागली. फ्रान्सच्या डेनिस ल बिहां यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यात मेंदूतल्या पाण्याच्या कणांची हालचाल चित्रात पकडली. 1994 मध्ये पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हालचालीची दिशा मोजण्याचं गणित दिलं. डिफ्युजन टेन्सर इमेजिंग ते हेच.

तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. सऱ्या पाडलेल्या वावरात पाणी सोडलं तर ते सरीतून भराभर पळतं. वरंबा ओलांडून पलीकडे झिरपायला वेळ लागतो. वरून सऱ्या दिसत नसल्या, नुसतं पाणी कुठे पळतं एवढं कळलं, तरी सऱ्या कोणत्या दिशेच्या आहेत आणि वरंबे किती पक्के आहेत याचा अंदाज येईल. मेंदूतलं पाणी मोजमापाच्या क्षणभरात शतांश मिलिमीटरच्या आसपास सरकतं. तंतूंच्या लांबीने सहज, आडवं जरा अडत. ही दिशेची ओढ शून्य ते एक अशा आकड्यात मांडतात. आकडा एकाकडे झुकला, म्हणजे तिथले तंतू एका दिशेने, दाटीने आणि बहुधा चांगल्या आवरणासह चालले आहेत.

'बहुधा' हा शब्द मी जपून वापरतो. चित्रातला एक ठिपका दोन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो तंतू मावतात. बहुतेक ठिकाणी ते एकमेकांना छेदून जातात, तेव्हा आकडा घसरतो. आवरण चांगलं असलं तरी घसरतो. उलट, मायलिन यायच्या आधीही तंतू नुसते एका दिशेने लागले तर आकडा चढतो. वर्तमानपत्रात मेंदूची जी लाल-हिरवी-निळी, धाग्यांची सुंदर चित्रं येतात, ती कॅमेऱ्याने काढलेली नसतात. संगणकाने पाण्याच्या हालचालीवरून तंतूंच्या वाटांचा बांधलेला तो अंदाज असतो. अंदाज उपयोगी आहे, पण अंदाज आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण, ती म्हणजे मूल स्वतः. यंत्र मोठ्याने खडखडतं आणि मूल हललं की चित्र बिघडतं. आजारी मुलाला गुंगीचं औषध देतो; केवळ संशोधनासाठी निरोगी मुलाला ते देणं योग्य नाही. म्हणून तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, गुंडाळून, कानांवर जाड गाद्या बसवून नैसर्गिक झोपेत आत ठेवतात. मोठ्या मुलांना आधी खोट्या यंत्रात निजवून सराव देतात. तीन-चार वर्षांचं मूल सगळ्यात कठीण: झोपतही नाही, ऐकतही नाही.

एवढं सगळं सांभाळून काय हाती आलं? पेट्रा ह्युपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं, की दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ दिवस भरण्याच्या तारखेला पोचलं, तरी त्याचं श्वेतद्रव्य पूर्ण दिवसांच्या बाळाइतकं पिकलेलं नसतं. कॅनडातल्या एडमंटनला कॅथरीन लेबल आणि ख्रिश्चन ब्युलियू यांनी 5 ते 32 वयाच्या 103 जणांची चित्रं वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढली. कपाळामागच्या भागाला भावना आणि स्मृतीच्या भागांशी जोडणाऱ्या वाटा विशीतही बदलत होत्या. बारावीच्या मुलाला आपण पूर्ण वाढलेला समजून रागावतो, तेव्हा त्याच्या मेंदूतल्या संयमाच्या वाटांचं काम अजून चालू असतं.

मुंबई : पहिला श्वास

आता आपल्या राज्यात येऊ. जन्मताच रडत नाही ते बाळ. मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर बाळाला पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात, ते सुस्त होतं. श्रीमंत देशांत अशा बाळाचं तापमान तीन दिवस साडेतेहतीस अंशांवर ठेवतात. त्याने मृत्यू आणि अपंगत्व कमी होतं हे तिथे सिद्ध झालं आहे. आपल्याकडे होतं का, हे पाहण्यासाठी 2015 ते 2019 या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या नवजात कक्षांत हेलिक्स नावाची चाचणी झाली. मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सायन हॉस्पिटल, त्यातलं एक. एकूण 408 बाळं. त्यांच्या मेंदूचे एमआरआय झाले आणि बाळं दीड वर्षाची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं.

निकाल 2021 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला आणि सगळ्यांना धक्का बसला. थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही. उलट मृत्यू वाढले: थंड ठेवलेल्यांत 42 टक्के, नेहमीची काळजी घेतलेल्यांत 31 टक्के. तोच उपचार, तेच तापमान, तरी फळ वेगळं. संशोधकांचा अंदाज असा, की आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना इजा प्रसूतीच्या शेवटच्या क्षणी एकदम होत नसावी. ती कळांच्या लांबलेल्या तासांत, किंवा त्याही आधी, थांबून थांबून होत असावी. थंडावा द्यायला आपण पोचतो तोवर वेळ निघून गेलेली असते.

यातून मी काय घेतो? विलायतेचा उपचार आपल्या बाळांवर तपासल्याशिवाय लागू करू नये, हा एक धडा. दुसरा आपल्या बुलढाणा जिल्ह्यासाठी: या बाळांचा मेंदू वाचवण्याची जागा प्रसूतीच्या आधी आहे. गरोदरपणातल्या तपासण्या, रक्तदाब, कळा लांबल्यावर तालुक्याहून वेळेवर पुढे पाठवणं, 108 गाडी, आणि बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात फुगा-मास्कने श्वास देणारे हात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत साध्या शिकलेल्या बायांना हेच आणि बाळाच्या जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये नोंदवलं. त्या बायांकडे एमआरआय नव्हता.

सायनचंच आणखी एक काम सांगतो. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी तिथे 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कमी दिवसांच्या बाळांना आईचं किंवा दात्या आईचं दूध मिळावं म्हणून. पुढे तीस वर्षांनी एडिनबरोच्या चित्रांनी दाखवलं, की कक्षात असताना बहुतेक दिवस आईचं दूध मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं श्वेतद्रव्य अधिक चांगलं जोडलेलं असतं. सायनच्या डॉक्टरांनी चित्राची वाट पाहिली नाही, हे बरंच झालं.

पुणे : आईच्या रक्तातलं

दुसरी गोष्ट पुण्याजवळच्या सहा गावांची. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या बायांची, गरोदर होण्याआधीपासून नोंद ठेवली. मुलं जन्मली, शाळेत गेली, तरुण झाली. नोंद चालूच राहिली. बाळाचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन. त्या मातांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींना ब-12 जीवनसत्त्व कमी होतं.

ब-12 चा श्वेतद्रव्याशी थेट संबंध आहे. मायलिन बांधायला आणि टिकवायला शरीरात ज्या रासायनिक पायऱ्या लागतात, त्यांतल्या दोन ब-12 शिवाय अडतात. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मांस यांतूनच मिळतं. माळकरी घरात शाकाहार पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि शेगावच्या या परिसरात अशी घरं पुष्कळ. त्या आहाराला मी नावं ठेवत नाही. पण घरातलं दूध डेअरीला जातं, दह्याची वाटी पुरुषांच्या ताटात जाते आणि गरोदर सुनेच्या वाट्याला पिठलं-भाकरी येते, तेव्हा ब-12 नेमकं तिला कमी पडतं.

पुण्याची ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या लक्ष टिकवण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्या झाल्या. गरोदरपणात ज्या आयांचं ब-12 सगळ्यात कमी होतं, त्यांची मुलं ब-12 भरपूर असलेल्या आयांच्या मुलांहून या चाचण्यांत मागे पडली. हा निकाल 2008 चा. इथे एमआरआय काढलेला नव्हता. मोजलं ते लक्ष आणि स्मरण. 2012 मध्ये त्याच कुटुंबांतल्या, तोवर वयात आलेल्या मुलामुलींना ब-12 च्या गोळ्या देण्याची चाचणी सुरू झाली. मात्रा रोज दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. लग्नं झाली, मुलं झाली. ब-12 घेतलेल्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाली तेव्हा आकलन आणि भाषेत साध्या गोळीवाल्यांच्या बाळांपेक्षा पुढे होती, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं.

कमतरता टोकाला गेली तर काय होतं, ते आमच्या बालरोग विभागांत दिसतं. सहा महिने ते दोन वर्षांचं, दिसायला गुटगुटीत, फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ. बोटांचे सांधे काळवंडलेले, केस विरळ, चेहरा निर्विकार. हसणारं बाळ हसेनासं होतं, बसणारं बसेनासं, आणि मग हातपाय थरथरू लागतात. इन्फन्टाइल ट्रेमर सिंड्रोम हे नाव भारतीय वैद्यक नियतकालिकांत गेली साठ-सत्तर वर्षं येतं आहे. अशा बाळाच्या चित्रात मेंदू आक्रसलेला आणि मायलिन वयाच्या मानाने मागे दिसतं. ब-12 ची सुई स्वस्त आहे. ती वेळेवर दिली तर बाळ काही दिवसांत पुन्हा आईकडे पाहायला लागतं. उशीर झाला तर बोलण्या-शिकण्यातली काही उणीव राहून जाते.

लोहाचंही तसंच. मेंदूतल्या पेशींत सगळ्यात जास्त लोह ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये असतं, म्हणजे मायलिन घालणाऱ्या पेशीतच. चिलीत, सँतियागो शहरात, रक्तक्षय असलेल्या सहा महिन्यांच्या बाळांच्या कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत संदेश जायला वेळ लागत होता; लोह दिल्यावरही चार वर्षांच्या वयात तो फरक दिसत होता. आणि आपल्या राज्यात? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 6 ते 59 महिन्यांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. शंभरातली जवळपास सत्तर मुलं, आणि त्यांच्या श्वेतद्रव्याचा सगळ्यात घाईचा काळ.

बोलणं आणि वाचणं

अन्न हे एक खाद्य झालं. अनुभव हे दुसरं. तंतू जितका वापरात येतो तितकं त्याच्यावरचं आवरण सुधारतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मुलांचं काय? अमेरिकेत बोस्टन परिसरात रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी 4 ते 6 वर्षांच्या मुलांच्या कपड्यांत छोटं ध्वनिमुद्रक ठेवलं आणि घरात दिवसभर काय बोलणं होतं ते मोजलं. नंतर मेंदूची चित्रं काढली. 2018 मधला त्यांचा निष्कर्ष माझ्या मते या व्याख्यानातला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे. मुलाच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा मूल बोललं, मोठ्या माणसाने उत्तर दिलं, मूल पुन्हा बोललं, अशा फेऱ्या किती झाल्या, याचा भाषेच्या श्वेतद्रव्याशी जास्त संबंध होता. घरातला पैसा आणि आईवडिलांचं शिक्षण हिशेबात धरूनही. टीव्ही दिवसभर बोलतो, पण मुलाला उत्तर देत नाही. मोबाइलही देत नाही. आजी देते.

या जिल्ह्यात यात एक खास मुद्दा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद तालुक्यात सोनबर्डीसारख्या गावांत निहाली बोलणारी माणसं राहतात. जगातल्या कोणत्याच भाषाकुळात न बसणारी ही भाषा. बोलणारे उरले आहेत दोन-अडीच हजार. डच भाषापंडित काइपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. आसपास कोरकू आहे, भिलाली आहे. त्या घरातलं पोर पाच वर्षं एका भाषेत सवाल-जवाब करून शाळेत येतं आणि पहिल्याच दिवशी सगळं मराठीत होतं. ते गप्प होतं. फेऱ्या थांबतात. बाईंना त्याच्या भाषेतले पन्नास शब्द येत असले तरी बोलणं पुन्हा सुरू होईल. त्या घरांना मी सांगतो, घरची भाषा सोडू नका. मेंदूला गप्पांच्या फेऱ्या हव्यात, त्या कोणत्या भाषेत यावर त्याचा काही हट्ट नाही.

वाचनाचं पाहा. लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीतल्या निरक्षर माणसांना, बहुतेक बायांना, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूचे एमआरआय काढले. 2017 मध्ये निष्कर्ष आला, की नजर हलवणारे मेंदूच्या तळाचे भाग आणि पाहण्याचा मागचा भाग यांच्यातला ताळमेळ वाढला. तिथे श्वेतद्रव्य मोजलं नव्हतं, पण आपलीच लिपी शिकून तिशीतला मेंदू बदलतो हे दिसलं. श्वेतद्रव्याचा पुरावा पिट्सबर्गचा. वाचनात मागे पडलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना शंभर तास खास शिकवणी दिली. कपाळामागच्या डाव्या भागातली पाण्याची ती दिशेची ओढ वाढली, आणि वाचनही सुधारलं. हा अभ्यास 2009 चा. शंभर तास म्हणजे आपल्या शाळेत रोज अर्धा तास धरला तर एक वर्ष.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. रुमानियाच्या बुखारेस्टमधल्या अनाथाश्रमांत मुलांना खाणं मिळत होतं. कुणी उचलून घेणारं नव्हतं. 2000 च्या सुमारास त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकून चांगल्या घरांत सांभाळायला दिलं. आठ वर्षांच्या वयात आश्रमात राहिलेल्यांच्या श्वेतद्रव्यात अनेक वाटांवर फरक दिसला. घर मिळालेल्या मुलांत त्यातल्या काही वाटा घरच्या मुलांसारख्या झाल्या होत्या. म्हणजे नुकसान होतं, आणि वेळेत हात मिळाला तर काही भरूनही येतं.

चित्राची मर्यादा, आणि जिल्ह्याचं काम

आता सावधगिरीचं. मी सांगितलेलं जवळजवळ सगळं गटांबद्दल आहे. इथली मुलं तिथल्या मुलांहून सरासरीने पुढे किंवा मागे. पण दोन्ही गटांतली पुष्कळ मुलं एकमेकांत मिसळलेली. एका मुलाच्या एमआरआयवरून त्याची बुद्धी, त्याची दहावी, त्याचा स्वभाव सांगता येत नाही. स्वमग्नता किंवा वाचनाची अक्षमता यांचं निदानही चित्रावर होत नाही; ते मुलाबरोबर बसून, त्याच्या भाषेत चाचण्या घेऊन होतं. वाचन-अक्षमतेसाठी अशी मराठी चाचणी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी केलेल्या 'डाली' संचात 2015 पासून आहे. म्हणून पोरगं अभ्यासात मागे आहे एवढ्यावरून एमआरआयला पैसे घालू नका. झटके येत असतील, आलेलं चालणं-बोलणं गेलं असेल, डोकं वाजवीपेक्षा वेगाने वाढत असेल किंवा वाढतच नसेल, तर मात्र टाळू नका. आणि बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून 'मिडब्रेन' जागा करणारे वर्ग तालुक्यांच्या गावांत फी घेतात. त्यांच्या मागे कसलंच शास्त्र नाही.

दुसरी मर्यादा आपल्या पदरातली. मुलांच्या श्वेतद्रव्याचं 'सामान्य' कोणतं हे आपण मुख्यतः बोस्टन, एडमंटन, लंडनच्या मुलांवरून ठरवतो. भारतात हे बदलायला सुरुवात झाली आहे. सी-वेदा नावाच्या प्रकल्पाने बंगळूर, म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंदीगड, कोलकाता, इंफाळ अशा ठिकाणी 6 ते 23 वयाच्या हजारो मुला-तरुणांची नोंद घेतली, त्यांतल्या काहींची चित्रंही काढली. त्यात महाराष्ट्रातलं केंद्र नाही. कापूस-सोयाबीनच्या शेतमजुराच्या मुलाचा, खारपाणपट्ट्यातल्या मुलाचा मेंदू कोणत्या चालीने वाढतो, हे अजून कुणी मोजलेलं नाही.

ते मोजण्याची जागा आपल्याकडे तयार झाली आहे. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालं. साध्या प्लगवर चालणारे, खाटेपाशी ढकलत नेता येणारे कमी ताकदीचे एमआरआयही आता आले आहेत. त्यांचं चुंबकत्व मोठ्या यंत्राच्या वीस-पंचवीस पट कमी, चित्र जरा धूसर, पण बाळाचं उजळणं पाहायला पुरेसं. एक दिवस ते इथेही येतील. पण पुण्याच्या सहा गावांनी दाखवलं, की अशा कामाची सुरुवात यंत्रापासून होत नाही. आईच्या नावाच्या नोंदीपासून होते. आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. या अकरा भेटी आजही होतात. त्या भेटींत डोक्याचा घेर मोजून लिहिला, बाळ आवाजाकडे वळतं का, हसतं का, बसतं का हे लिहिलं, आईचं ब-12 आणि हिमोग्लोबिन जोडलं, तर पाच वर्षांत या जिल्ह्याकडे अशी नोंदवही असेल जिचा हेवा पुणे-मुंबईला वाटेल. महाविद्यालयातल्या पहिल्या तुकड्यांना माझी विनंती आहे, हे काम हातात घ्या.

आणि घरांना एवढंच सांगतो. सुनेच्या ताटात दह्याची वाटी आधी जाऊ द्या. कळा लांबल्या तर पहाटेची वाट पाहू नका. पोर काही विचारत असेल तर हातातलं काम न सोडता का होईना, उत्तर द्या, आणि मग त्याला उलटा प्रश्न विचारा. आज जन्मलेल्या बाळाच्या श्वेतद्रव्याचं काम ते पंचविशीत पोचेपर्यंत चालणार आहे, पण त्यातला सगळ्यात वेगाचा भाग पहिल्या दोन वर्षांत होऊन जातो. त्या दोन वर्षांत बाळ ना शाळेच्या हाती असतं ना माझ्यासारख्याच्या. ते तुमच्या हाती असतं.